सामाईक दप्तर आणि भिन्नकुळी संगणक

‘दप्तर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि येथे त्याला दोन घरे मिळाली. एक कचेरीत, जेथे गावाचे, महालाचे वा संस्थानाचे कागद रुमालात बांधून ठेवले जात. दुसरे शाळकरी मुलाच्या पाठीवर. पहिले दप्तर अनेकांचे, दुसरे एकट्याचे. संगणकातही हे दोन्ही प्रकार आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय पहिला प्रकार हा आहे. एका संगणकावर ठेवलेले, पण तारेने वा बिनतारी जाळ्याने जोडलेल्या इतर संगणकांवरून उघडता येणारे असे हे सामाईक दप्तर होय. हे सर्व संगणक एकाच कुळीचे असतील तर अडचण थोडी. परंतु लाटंबार्से गावातील काय किंवा पेडण्यातील काय, शाळेच्या वाट्याला येणारे संगणक एका वेळी, एका ठिकाणाहून येत नाहीत. कार्यालयातला विंडोजवर चालतो, प्रयोगशाळेतले काही लिनक्सवर, आणि मुंबईत नोकरीला असलेला माजी विद्यार्थी चतुर्थीला घरी येतो तो ॲपलचा मॅक घेऊन. तिघांनाही शाळेच्या जुन्या हस्तलिखित वार्षिकांची छायाचित्रे पाहायची आहेत आणि ती एकाच ठिकाणी ठेवलेली आहेत. ती तिघांना कशी दिसावीत?

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने या प्रश्नात का पडावे, अशी पृच्छा विद्यार्थी मित्रांकडून होण्याचा संभव आहे. माझे म्हणणे असे की हा प्रश्न यंत्राचा जेवढा आहे त्याहून अधिक भाषेचा आहे, आणि त्याच्या शेवटच्या टप्प्यात तर तो सरळसरळ मराठीच्या लेखनाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विंडोज, लिनक्स आणि मॅक या कार्यप्रणाली आपापल्या डिस्कवर माहिती मांडण्याच्या निरनिराळ्या पद्धती वापरतात. विंडोजची पद्धत एनटीएफएस, लिनक्सची बहुधा एक्स्ट-४, मॅकची २०१७ पासून एपीएफएस. एकाची डिस्क काढून दुसऱ्यात बसवली तर ती वाचता येईलच असे नाही. मग जाळ्यातून ती कशी वाचता येते? उत्तर असे की ती वाचली जातच नाही. मागणी केली जाते. जुन्या ग्रंथालयात वाचक कपाटापर्यंत जात नसे. तो चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव लिहून देई, शिपाई आत जाऊन ग्रंथ आणून देई. आतील मांडणी विषयवार आहे की आकारवार, याच्याशी वाचकाला कर्तव्य नसे. चिठ्ठी कशी लिहावी एवढे कळले की झाले. सामाईक दप्तर सांभाळणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, हा असा शिपाई आहे. अमुक फाइल उघड, तिचा इतका भाग दे, हा मजकूर तीत लिही, आता ती बंद कर, अशा चिठ्ठ्या त्याच्याकडे येतात आणि तो आपल्या डिस्कच्या रीतीने त्यांची पूर्तता करतो. चिठ्ठी लिहिण्याच्या ठरावाला प्रोटोकॉल म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पपायरसच्या गुंडाळीला आरंभी डकवलेले पान असा होता. आपल्याकडे ‘राजशिष्टाचार’ हा त्याचा पर्याय रूढ आहे. येथे मी ‘संकेत’ म्हणेन, कारण भाषाशास्त्रात शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाला आपण तोच शब्द लावत आलो आहोत.

दुर्दैवाने प्रत्येक कुळाने आपला संकेत वेगळा केला. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आयबीएम कंपनीतील बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी नावाचा संकेत रचला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो उचलला आणि वाढवला. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने युनिक्स यंत्रांसाठी एनएफएस काढला, आणि १९८९ मध्ये त्याचे वर्णन सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध झाले. ॲपलने एएफपी हा तिसरा संकेत चालवला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोकणी, मराठी, कानडी बोलणारे एकमेकांचे दर समजून घेतात, कारण माणूस ऐकता ऐकता शिकतो. यंत्राला ती सोय नाही. ठराव नसेल तर ते मुके राहते.

येथे एका परदेशस्थ विद्यार्थ्याची कथा सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल हे डॉक्टरेटसाठी संशोधन करीत होते. १९९१ च्या डिसेंबरात त्यांनी युनिक्स यंत्रावर असा एक प्रोग्रॅम लिहिण्यास घेतला की ज्यामुळे साधा डॉसचा संगणक त्या यंत्रावरील फाइली आपल्याच असल्याप्रमाणे उघडील. त्यासाठी त्यांनी तारेवरून जाणाऱ्या चिठ्ठ्या पाहिल्या, कोणत्या मागणीला कोणते उत्तर मिळते हे टिपले, आणि त्यावरून व्याकरण बांधले. या रीतीला त्यांनी पुढे फ्रेंच उपाहारगृहाची उपमा दिली. फ्रेंच येत नसलेल्याने अशा ठिकाणी बसावे, कोण काय मागतो आणि त्याला काय मिळते हे पाहत राहावे, म्हणजे हळूहळू भाषा उमगू लागते. लिखित व्याकरण नसलेल्या बोलीचा अभ्यासक खेड्यात जाऊन याहून वेगळे काय करतो? मला तरी त्यात भाषाशास्त्राची जुनी, प्रामाणिक पद्धतच दिसते. प्रोग्रॅमचे पहिले नाव दुसऱ्या एका कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळत होते म्हणून ते बदलावे लागले. तेव्हा त्यांनी शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही तिन्ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यातून ‘सांबा’ हे नाव निवडले. हा प्रोग्रॅम त्यांनी मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला केला.

ऐकून शिकलेल्या भाषेत उणिवा राहतातच. मायक्रोसॉफ्ट संकेतात भर घाली आणि सांबाचे कार्यकर्ते पुन्हा कान देऊन बसत. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये या कंपनीला संकेताची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दहा हजार युरो भरून सांबाच्या मंडळींनी ते दस्तऐवज मिळवले. एखाद्या भाषेचे व्याकरण वाचण्याचा हक्क न्यायालयात मागावा लागावा, ही घटना विद्यार्थ्यांनी विचारात घेण्यासारखी आहे. आज परिस्थिती निवळली आहे. ॲपलने २०१३ पासून आपल्या एएफपीऐवजी एसएमबीला अग्रमान दिला. त्यामुळे मिश्र जाळ्यात आता एसएमबी हीच समान बोली ठरली आहे. केवळ युनिक्स व लिनक्स यंत्रांच्या आपसातील व्यवहारात एनएफएस अजून उत्तम चालतो.

ही दूरची गोष्ट गोव्यातील शाळांच्या दारात आली ती काहीशी आडवाटेने. १९९६ मध्ये परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने गोव्यातील शाळांना संगणक मिळवून देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. पुढे २००१ च्या सुमारास अमेरिकेतील कचेऱ्यांनी वापरून बाजूला ठेवलेले संगणक आणून, त्यांवर लिनक्स बसवून ते शाळांना देण्याचा उपक्रम या मंडळींनी हाती घेतला. प्रत्येक यंत्रासाठी विंडोजचा परवाना विकत घेणे शाळांना परवडणारे नव्हते, हे त्यामागील उघड कारण. पण कार्यालयातील हिशेब, सरकारी नमुने आणि मराठी टंकलेखनाची साधने विंडोजवरच राहिली. एकाच शाळेत दोन कुळे नांदू लागली, आणि अशा शाळांना सांबा हा चैनीचा नव्हे तर गरजेचा विषय झाला.

आता प्रत्यक्ष जोडणी. विंडोजवर प्रत्येक डिस्क म्हणजे स्वतंत्र झाड. तिला एक रोमन अक्षर दिलेले असते आणि दूरचे दप्तर जोडले की तेही नवे अक्षर घेऊन शेजारी उभे राहते. १९९५ च्या विंडोजमध्ये जाळ्याच्या चित्राखाली ‘नेटवर्क नेबरहुड’ असे लिहिलेले असे. ‘शेजार’ हा शब्द त्यांनी नेमका निवडला होता. पत्ता लिहिताना दोन उलट्या तिरप्या रेघा, मग सर्व्हरचे नाव, मग एक उलटी रेघ आणि दप्तराचे नाव. लिनक्स आणि मॅक यांची दृष्टी निराळी. तेथे सगळे मिळून एकच झाड असते. दूरचे दप्तर आणून त्याच्या एखाद्या फांदीवर बसवायचे. या क्रियेला ‘माउंट’ करणे म्हणतात, पण आपल्याकडे मानकुरादाची कलमे करणाऱ्याला ती अधिक चांगली कळेल. खोड आपले, डोळा दुसरीकडचा, आणि फळ काढणाऱ्याला कलम कोठे बांधले हे दिसतही नाही. फरक एवढाच की हे कलम हवे तेव्हा सोडवता येते, आणि मधली तार तुटली की फांदी तेथल्या तेथे गोठते. मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ या यादीतील ‘कनेक्ट टू सर्व्हर’ हे कलम उघडावे. लिनक्सवर फाइल दाखवणाऱ्या खिडकीतच पत्ता लिहिण्याची जागा असते. दोन्हीकडे पत्त्याच्या आरंभी एसएमबी ही अक्षरे, मग विसर्गासारखे चिन्ह आणि दोन सरळ तिरप्या रेघा येतात. सर्व्हरचे नाव मात्र रोमन लिपीतील, लहान आणि बिनमोकळ्या जागेचे असावे. मराठीचा अभिमान दाखवण्याचे ते स्थान नव्हे.

पत्ता बरोबर असूनही दार न उघडण्याचे कारण बहुधा हक्काचे असते. येथे गोव्यातील गावकरीचे उदाहरण उपयोगी पडते. पोर्तुगीज कायद्याने जिला कोमुनिदाद म्हटले आणि जिची शेवटची संहिता १९६१ मध्ये झाली, त्या संस्थेत जमीन समस्तांची असते. पण सामाईक याचा अर्थ कोणीही यावे आणि कोठेही नांगर घालावा असा नाही. कोण गावकार, कोणास वाटा, कोणास फक्त वहिवाट, हे ठरलेले असते. सामाईक दप्तरातही वाचणे, लिहिणे आणि काढून टाकणे हे वेगळे हक्क आहेत. शिवाय परवानगी दोन ठिकाणी तपासली जाते, आधी दप्तराच्या दाराशी आणि मग आतल्या प्रत्येक फाइलीपाशी. दोन्हीकडे होकार असेल तरच काम होते. दारावर ‘लिहिण्यास मुभा’ असूनही आत लिहिता येत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते ती यामुळे.

ओळख पटवण्याच्या रीतीतही दोन संकेतांत मोठा भेद आहे. एसएमबीत येणाऱ्याने आपले नाव आणि संकेतशब्द देऊन स्वतः ओळख पटवायची असते. एनएफएसच्या साध्या रूपात मात्र येणारा संगणक ‘माझ्याकडील हजार क्रमांकाचा मनुष्य ही फाइल मागतो आहे’ एवढेच सांगतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. एका यंत्रावर हजार क्रमांक मुख्याध्यापकांचा आणि दुसऱ्यावर आठवीतल्या मुलाचा असेल, तर मुलगा मुख्याध्यापकांच्या फाइली निर्वेधपणे उघडील. ज्या जाळ्यात सर्व यंत्रे एकाच्या ताब्यात आहेत तेथेच ही भाबडी रीत शोभते.

विश्वासाच्या या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक भयावह आहे. एसएमबीची पहिली आवृत्ती जुनी आणि कच्ची. तिच्यातील एका दोषाचा फायदा घेऊन मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले. दोष दुरुस्त करणारी जोड मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, परंतु असंख्य यंत्रांवर ती बसवलेली नव्हती. त्या वर्षाच्या उत्तरार्धातील विंडोज १० पासून ही पहिली आवृत्ती नव्या संगणकावर आपणहून येत नाही. जुने यंत्र दिसत नाही म्हणून ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो ऐकू नये. जुन्या यंत्रावरील कागद एकदाच उतरवून घ्यावेत आणि त्याला जाळ्यातून निवृत्त करावे. निवृत्तीत कमीपणा नसतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

समजा, पत्ता जुळला, ओळख पटली, दार उघडले. तरी दप्तर वाचता येईल काय? पणजीच्या पुराभिलेखागारात मोडी कागद आहेत. तेथे प्रवेश मिळणे कठीण नाही, पण मोडी न येणाऱ्याला त्या प्रवेशाचा उपयोग काय? संगणकावरील मराठीचे एक संपूर्ण दशक असेच मोडीत गेले आहे. १९९० च्या दशकात मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम अशा साधनांवर टंकला जाई. त्यांत देवनागरीच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत, आणि कोणती आकृती कोठे याचा नकाशा प्रत्येकाचा वेगळा. मी मार्गदर्शन केलेल्या एका प्रबंधाची त्या काळातील फाइल आज लिनक्सवर विनासायास उघडते; आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा खच दिसतो. संकेताने चिठ्ठी पोचवली, कागद बिनचूक आणून दिला. तो कागद कोणत्या लिपीत वाचावा, हे सांगणे त्याच्या अधिकारात नव्हते.

युनिकोडने हे दुःख पुष्कळसे हलके केले. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे आणि तिची मांडणी भारतीय ‘इस्की’ संकेतावरून घेतलेली आहे. विंडोज २००० मध्ये ती वापरता आली. सप्टेंबर २००३ मध्ये आलेल्या सांबाच्या तिसऱ्या आवृत्तीने फाइलींची नावेही युनिकोडमध्ये पाठवण्यास आरंभ केला. त्याआधी मराठी नावाची फाइल जाळ्यातून आली तर बहुधा प्रश्नचिन्हांची रांग दिसे.

तथापि मराठी फाइलनावांच्या काही अडचणी उरल्या आहेत, आणि त्यांकडे आपल्याखेरीज कोण लक्ष देणार? रोमन लिपीत थोरल्या आणि धाकट्या अक्षरांचा घोळ होतो. लिनक्स त्यांना वेगळे मानते, विंडोज मानत नाही. देवनागरीत तो भेदच नाही, ही एक कृपा. पण ‘दुसऱ्या वर्गाची हजेरी’ हे नाव घ्या. त्यातील ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो; ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो; आणि काही टंकपद्धती ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरी रचना करतात. डोळ्यांना तिन्ही सारखीच. लिनक्सच्या सर्व्हरला मात्र ती तीन वेगळी नावे आहेत. मॅकची २०१७ पूर्वीची डिस्कपद्धती नावातील ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता असाच साठवी. विंडोजच्या कळफलकावरून तो बहुधा एकसंध येतो. तेव्हा एकाच दप्तरात एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसल्या आणि शोध घेताना एकच सापडली, तर भुताटकी समजू नये. तऱ्हा, वाऱ्या, नोकऱ्या, शेतकऱ्यांच्या याद्या, अशा शब्दांनी मराठी कार्यालय भरलेले असते. हिंदीत हा ‘ऱ’ जवळजवळ नाहीच, म्हणून या अडचणीची वाच्यता कमी. कार्यालयाने ‘ऱ’ एकाच कळफलकाने, एकसंध रूपात लिहिण्याचे ठरवावे, हा साधा उपाय आहे.

चिन्हांचेही असेच. प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविरामाच्या जागी आपण वापरतो ती दोन टिंबे लिनक्स नावात चालवून घेते, विंडोज नाही. निबंधाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह घालून लिनक्सवर ठेवलेली फाइल विंडोजवर तुटक्यामुटक्या भलत्याच नावाने दिसते. जावक क्रमांकातील तिरपी रेघ तर कोठेच चालत नाही. तिचा अर्थ सर्वत्र ‘पुढील कप्पा’ असाच घेतला जातो. तिच्या जागी आडवी रेघ लिहावी.

शेवटी लांबीचा प्रश्न. विंडोजवर नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते. लिनक्सवरही मर्यादा २५५ चीच, पण ती चिन्हांची नव्हे, बाइटांची. आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे तीन बाइट जागा घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. त्यात काना, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक स्वतंत्र मोजली जातात. ‘स्मृतिव्याख्यान’ या शब्दात आपल्याला पाच अक्षरे दिसतात. यंत्र पंधरा चिन्हे मोजते, बाइट पंचेचाळीस. व्याख्यात्याचे नाव, विषय, तिथी आणि स्थळ यांसह पूर्ण शीर्षक विंडोजवर फाइलीला देऊन ती लिनक्सच्या दप्तरात टाकू गेल्यास सर्व्हर ती नाकारतो, आणि नकाराचे कारण म्हणून काही तरी त्रोटक इंग्रजी वाक्य दाखवतो. तेव्हा फाइलीला वर्ष आणि एखादा शब्द एवढेच नाव द्यावे, आणि पूर्ण शीर्षके त्याच दप्तरात एका वेगळ्या यादीत, युनिकोडमध्ये, लिहून ठेवावीत.